दातवण ते मिश्री : मुखशुद्धीचा आचार आणि दंतोपचाराची उणीव

दात स्वच्छ करण्याच्या नित्य क्रियेसाठी व तिच्या साधनांसाठी मराठीत शब्दांची उणीव कधीच नव्हती. दातवण, दंतमंजन, राखुंडी, मिश्री हे शब्द घरोघर वापरात होते आणि त्यांपैकी काही आजही आहेत. उलटपक्षी, दुखऱ्या दातावर इलाज करणाऱ्या माणसाचे नाव उच्चारताना बोलीभाषेला ‘दातांचा डॉक्टर’ अशा वर्णनावरच भागवावे लागते. ‘दंतवैद्य’ हा सामासिक शब्द ग्रंथांत व पाट्यांवर जितका दिसतो तितका ओसरीवर ऐकू येत नाही. शब्दसंपत्तीतील ही विषमता केवळ भाषिक नव्हे. दात घासण्याचा आचार प्राचीन आणि घरगुती, तर दातांचा उपचार अर्वाचीन आणि नागरी, असा जो दुहेरी इतिहास घडला, त्याचे ते प्रतिबिंब होय. या दोहोंमधील रिकाम्या जागेत तंबाखूचा शिरकाव कसा झाला, हे मिश्री या एका पदार्थाच्या आधारे पाहता येते.

दंतधावनाची परंपरा किती जुनी आहे याविषयी शंकेस जागा नाही. सुश्रुतसंहितेच्या चिकित्सास्थानात दिनचर्येच्या प्रकरणी बारा अंगुळे लांब व करंगळीएवढी जाड अशी काडी सांगितली असून कडू रसाच्या वनस्पतींत निंब, तुरटांत खैर, मधुरांत मोह आणि तिखटांत करंज श्रेष्ठ मानला आहे. सातव्या शतकात भारतात येऊन नालंदा येथे राहिलेला चिनी भिक्षू इत्सिंग यानेही दंतकाष्ठाच्या नित्य उपयोगाची आवर्जून नोंद केली आहे. धर्मशास्त्रकारांनी तर या क्रियेला आन्हिकात स्थान दिले. महामहोपाध्याय पांडुरंग वामन काणे यांनी आपल्या धर्मशास्त्राच्या इतिहासाच्या दुसऱ्या खंडात (१९४१) दंतधावनाचे नियम व निषेध संकलित केले आहेत. काही तिथींना काडी वर्ज्य आणि तिच्याऐवजी पाण्याच्या बारा चुळा, अशा स्वरूपाच्या त्या नियमांवरून एक गोष्ट स्पष्ट होते. या आचाराचा हेतू मुखाची शुद्धी हा होता. दाताचे आरोग्य हे त्याचे आनुषंगिक फळ होते.

शब्दाचा प्रवासही हेच सांगतो. संस्कृत ‘दंतपवन’ म्हणजे दात शुद्ध करणारे साधन. त्यापासून प्राकृतात ‘दंतवण’ आणि मराठीत ‘दातवण’ ही रूपे नियमानुसार सिद्ध होतात. परंतु मराठीत या शब्दाचा अर्थ काडीपुरता मर्यादित राहिला नाही. दात काळे करण्यासाठी स्त्रिया जी पूड लावीत, तिलाही दातवण हेच नाव मिळाले. हिरडा, माजूफळ, हिराकस यांसारख्या तुरट व लोहयुक्त द्रव्यांची अशी पूड उत्तरेत ‘मिस्सी’ या नावाने प्रसिद्ध होती आणि तो शब्द फारसी ‘मिस’ म्हणजे तांबे याच्याशी जोडला जातो. काळे दात हे तेव्हा सौंदर्याचे व सौभाग्याचे चिन्ह होते. अर्थात ‘दातवण करणे’ याच्या जोडीला ‘दातवण लावणे’ हाही प्रयोग रूढ झाला. शुद्धी आणि शृंगार या दोन हेतूंचा असा मिलाफ झाला की बोटाने हिरडीवर पूड चोळणे ही स्त्रीच्या प्रातःकर्मातील स्वाभाविक क्रिया ठरली.

तंबाखू या देशात आली ती पोर्तुगीजांच्या मार्फत. सतराव्या शतकाच्या आरंभी असद बेग याने विजापुराहून ती अकबराच्या दरबारात नेल्याची हकीकत इतिहासास ठाऊक आहे. म्हणजे दख्खनला तिची ओळख दिल्ली-आग्र्याच्या आधीच झालेली होती. पुढे कोकणात, पश्चिम महाराष्ट्रात व गोव्यात तंबाखूची पाने तव्यावर काळी होईपर्यंत भाजावयाची, त्यांची पूड करावयाची आणि ती दातांस व हिरड्यांस लावावयाची, ही रीत घट्ट झाली. या पुडीला कोठे मिश्री, कोठे मिसरी, तर कोठे मशेरी म्हणतात. ‘मिश्र’ या संस्कृत शब्दाशी तिचा संबंध जोडण्याचा मोह होतो. परंतु काळा रंग, पुडीचे रूप आणि लावण्याची कृती या तिन्ही बाबतींत मिस्सीशी तिचे जे साम्य आहे, ते पाहता तेच नाते अधिक संभवनीय वाटते. शेणाच्या गोवऱ्या जाळून केलेली राखुंडीही काळीच होती. त्यामुळे एका काळ्या पुडीची जागा दुसरीने घेतली, तेव्हा घरातील कोणासही काही नवे घडल्याचे जाणवले नसावे.

येथे क्रियापदाकडे लक्ष देणे अगत्याचे आहे. तंबाखू ‘खातात’, विडी ‘ओढतात’, तपकीर ‘ओढतात’. मिश्री मात्र ‘लावतात’. तेल, उटणे, कुंकू, काजळ हीही लावण्याचीच द्रव्ये. या एका क्रियापदामुळे मिश्रीची गणना व्यसनांत न होता प्रसाधनांत झाली. ज्या घरात सुनेने विडी ओढणे कल्पनेपलीकडचे होते, त्याच घरात सासू आणि सून चुलीपाशी बसून मिश्री लावीत, आणि त्यात कोणास वावगे दिसत नसे.

परंतु केवळ शब्दांच्या आधाराने एखादे व्यसन पिढ्यान्‌पिढ्या टिकत नाही. त्याला वेदनेचेही बळ होते. सुश्रुताने पासष्ट मुखरोग वर्णिले, त्यांतील पंधरा दंतमूलांचे आणि आठ दातांचे मानले, आणि दातांवरील कीटण काढण्यासाठी दंतशंकू नावाचे शस्त्रही सांगितले. हे ज्ञान ग्रंथांत राहिले. गावात मात्र दात उपटून देणारा न्हावी किंवा फिरता वैदू एवढीच सोय उरली. ‘दात किडला’ या प्रयोगात जी कीड आहे, ती सुश्रुताच्या ‘कृमिदंतका’तील कृमीची वंशज होय. किडण्यामागे तोंडातील सूक्ष्म जंतूंनी पिष्टमय व गोड पदार्थांपासून निर्माण केलेले आम्ल असते, हे डब्ल्यू. डी. मिलर यांनी १८९० मध्ये ग्रंथरूपाने मांडल्यानंतरही ती कीड लोकांच्या बोलण्यात जिवंत राहिली. जेथे कीड भरून काढणारा कोणी नाही, तेथे ठणका बधिर करणारा पदार्थ हेच औषध ठरते. ‘दाढ दुखत होती म्हणून लावायला लागले’ हे मिश्री लावणाऱ्या स्त्रियांकडून नेहमी ऐकू येणारे कारण या दृष्टीने सबब नसून इतिहासाचा पुरावाच आहे.

आधुनिक दंतवैद्यकाची व्यवस्था या वेदनेपर्यंत फार सावकाश पोचली. डॉ. रफीउद्दीन अहमद यांनी कलकत्त्यास १९२० मध्ये देशातील पहिले दंतमहाविद्यालय काढले. मुंबईत नायर रुग्णालयाचे दंतमहाविद्यालय १९३३ मध्ये सुरू झाले. १९४८ च्या दंतवैद्यक अधिनियमाने व्यवसायाची नोंदणी आवश्यक केली; त्यात पदवीधारकांबरोबरच, पदवी नसूनही ज्यांनी हा व्यवसाय उपजीविका म्हणून काही वर्षे केला होता अशांसाठी वेगळा विभाग ठेवावा लागला. शिक्षित दंतवैद्य किती थोडे होते, याची ती कायद्यानेच दिलेली कबुली होय. विदर्भात नागपूर येथे शासकीय दंतमहाविद्यालय निघाले ते १९६८ मध्ये. राष्ट्रीय पातळीवर मुखारोग्याचा स्वतंत्र कार्यक्रम तर २०१४ नंतरच आकारास आला. महाविद्यालयांची संख्या या काळात पुष्कळ वाढली, तरी दंतवैद्य शहरांतच एकवटले. खेडेगावातील रुग्णास दाताच्या उपचारासाठी दिवसाची मजुरी आणि प्रवासाचे भाडे या दोहोंचा हिशेब करावा लागतो.

मिश्रीच्या परिणामांची शास्त्रीय मोजदाद मात्र महाराष्ट्रातच आणि तुलनेने लवकर झाली. टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील दंतसंशोधन विभागाचे डॉ. फली मेहता व त्यांचे सहकारी यांनी पुणे जिल्ह्यातील १,०१,७६१ ग्रामस्थांची मुखतपासणी करून मुखकर्करोग व त्याच्या पूर्वावस्था यांविषयीचे निष्कर्ष १९७२ मध्ये प्रसिद्ध केले. मिश्री ही प्रामुख्याने स्त्रियांची सवय असल्याचे त्यात दिसून आले. मुंबईतील १,२१७ गर्भवती स्त्रियांच्या अभ्यासात (२००४) धूरविरहित तंबाखू वापरणाऱ्या मातांच्या अर्भकांचे जन्मवजन सरासरी १०५ ग्रॅमने कमी आढळले. या मातांत मिश्री लावणाऱ्याच बहुसंख्य होत्या. म्हणजे जी पूड दात राखण्यासाठी म्हणून घरात आली, तिची किंमत न जन्मलेले मूलही चुकवीत होते.

केंद्र शासनाने १९९२ मध्ये दंतमंजनात व टूथपेस्टमध्ये तंबाखू वापरण्यास बंदी केली आणि १९९७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती वैध ठरवली. बंदी योग्यच होती. पण कायद्याचा हात कारखान्यापर्यंत पोचतो, तव्यापर्यंत नाही. दुकानातून कच्ची तंबाखू आणून घरी भाजणाऱ्या स्त्रीला उत्पादक म्हणता येत नाही, आणि तिच्या दृष्टीने ती तंबाखू वापरीतही नसते. ती दात घाशीत असते.

या इतिहासातून दोन निष्कर्ष निघतात. पहिला व्यवहाराचा आहे. पहाटे उठून दात घासण्याची शिस्त या समाजाला नव्याने शिकवावयाची नाही. ती शतकानुशतके अंगवळणी पडलेली आहे. बदलावयाचे आहे ते बोटावरचे द्रव्य, आणि त्यासाठी दुखऱ्या दाढेचा इलाज गावाच्या आवाक्यात आणावा लागेल. इलाजावाचून मिश्री सोडावयास सांगणे म्हणजे रुग्णाचे वेदनाशामक काढून घेणे होय. दुसरा निष्कर्ष सर्वेक्षण करणाऱ्यांसाठी आहे. ‘तंबाखू खाता का?’ या प्रश्नास मिश्री लावणारी स्त्री ‘नाही’ असे प्रामाणिकपणे उत्तर देईल, आणि कोष्टकात तिची नोंद निर्व्यसनी म्हणून होईल. तेव्हा प्रश्नावली तयार करणाऱ्याने प्रत्येक प्रदेशात त्या द्रव्याला कोणते नाव आहे आणि त्या नावापुढे कोणते क्रियापद येते, हे आधी विचारून घेतले पाहिजे. कर्करोगाच्या नोंदीतील आकड्यांचा खरेपणा काही अंशी त्या क्रियापदावर अवलंबून आहे.