‘ऱ्या’ची वहिवाट

धानाचे चुकारे निघायचे दिवस होते. चंद्रपूर जिल्ह्यातल्या सावली गावात मी अर्ज भरून द्यायचं, टायपिंगचं, याद्या काढून द्यायचं काम करतो. त्या आठवड्यात दुकानात पाय ठेवायला जागा नसते. वैनगंगेकडच्या एका गावाहून आलेले एक म्हातारे शेतकरी बाकावर बसून पडद्याकडे बघत होते. त्यांच्या आडनावात ‘ऱ्हा’ होता. जुनी यादी उघडलेली होती. शोधाच्या चौकटीत मी त्यांचं आडनाव टाकलं, तर काहीच सापडलं नाही. मग यादी हातानं खाली ओढत गेलो. नाव तिथंच होतं.

"नाव तं दिसून राहिलं ना जी," ते म्हणाले, "मंग सापडत काहून नाही?"

त्यांचं काम त्या दिवशी झालं, पण प्रश्न माझ्याकडे राहिला. रात्री दुकान बंद केल्यावर मी दोन्ही आडनावं उलगडून बघितली. संगणकाला अक्षर दिसत नाही, अक्षराचा क्रमांक दिसतो. मी टाइप केलेल्या नावात ०९३१ क्रमांकाचं अक्षर होतं, म्हणजे बिंदूवाला ‘ऱ’, आणि त्यापुढे हलन्त. यादीतल्या नावात ०९३० होतं, म्हणजे आपला साधा ‘र’, मग हलन्त, आणि त्यापुढे जोडणी सांगणारं एक चिन्ह, जे पडद्यावर कधीच दिसत नाही. कागदावर दोन्ही एकसारखी उमटतात, तिळमात्र फरक नाही. आणि दोन्ही बरोबर आहेत.

एका ध्वनीच्या अशा दोन वाटा कशा झाल्या, त्याची ही कुळकथा.

आधी हा र ओळखून घेऊ. ‘सूर्य’मधला र पुढच्या अक्षराच्या डोक्यावर चढतो, तो रफार. ‘वाऱ्यावर’मधला र चढत नाही. तो पुढच्या अक्षराला बाजूनं बिलगतो, पापणीच्या केसासारखा आडवा. हिंदीचं त्याच्यावाचून अडत नाही, आपलं अडतं. ‘दर्या’ म्हणजे समुद्र आणि ‘दऱ्या’ म्हणजे डोंगरातल्या खोल जागा. ‘आचार्यांना’ बोलावलं तर गुरुजी येतील, ‘आचाऱ्यांना’ बोलावलं तर पंगतीचा स्वयंपाक होईल. ‘शेतकरी’ लिहायला हा र लागत नाही. पण त्या शेतकऱ्याला काही द्यायचं झालं, त्याच्याकडून काही घ्यायचं झालं, त्याचं म्हणून काही नोंदवायचं झालं, की तो लागतोच. शेतकऱ्याला, शेतकऱ्याकडून, शेतकऱ्याचा. आमच्या दुकानातला एकही अर्ज या अक्षरावाचून पुरा होत नाही.

अक्षरांना हे क्रमांक देणारा युनिकोड येण्याआधी टायपिंगवाल्यांचं जग फॉन्टाफॉन्टाचं होतं. प्रत्येक फॉन्टचा आपला तक्ता, आपल्या खुणा. झाडीपट्टीतल्या नाटकाचं पत्रक एका फॉन्टमध्ये जुळवलेलं असलं आणि तो फॉन्ट दुसऱ्या मशीनवर नसला, की नटांच्या नावांच्या जागी रोमन अक्षरांचा नुसता भुसा दिसायचा. हे थांबावं म्हणून भारतीय लिप्यांचा एकच तक्ता बांधायचं काम सरकारी पातळीवर सुरू झालं. कानपूरच्या आयआयटीत पाया घातला गेला आणि पुढे १९८८ मध्ये पुण्यात सुरू झालेल्या सी-डॅकनं तो वाढवला. त्या तक्त्याचं नाव इस्की. १९८८ ची त्याची आवृत्ती आहे, आणि १९९१ मध्ये भारतीय मानक म्हणून त्याला १३१९४ हा क्रमांक मिळाला.

इस्कीची मांडणी मला आजही सुंदर वाटते. ब्राह्मीच्या लेकी असलेल्या लिप्यांना एकच घर, आणि त्यात ज्याची त्याची खोली ठरलेली. मराठी ‘क’ जिथं, तिथंच बंगाली आणि तेलुगू ‘क’. आता तमिळ आणि मल्याळममध्ये एक जास्तीचा कणखर र आहे, म्हणून ‘र’च्या लगेच पुढची खोली त्याच्यासाठी राखली. देवनागरीत ती खोली जवळपास रिकामीच होती, कारण दक्षिणेकडचं नाव नागरीत नेमकं लिहायचं असेल तेव्हाच बिंदूवाला ‘ऱ’ लागायचा. त्या रिकाम्या खोलीत मराठीचा आडवा र राहायला आला. ‘ऱ’ला हलन्त दिला की पापणीचा र उमटेल असं ठरलं. इन्स्क्रिप्ट कळफलकावर ‘र’च्याच कळीवर शिफ्ट दाबून ‘ऱ’ येतो, आणि त्या शिफ्टवर माझ्या करंगळीचा आज अर्धा दिवस जातो.

युनिकोडची पहिली आवृत्ती १९९१ ची. भारतीय लिप्यांसाठी तिनं इस्कीच्या १९८८ च्या तक्त्याचा क्रम जसाच्या तसा उचलला, म्हणून ०९३० वर ‘र’ आणि ०९३१ वर ‘ऱ’ शेजारी-शेजारी आहेत. पण १९९६ च्या दुसऱ्या आवृत्तीत हा आडवा र काढायची रीत वेगळी दिली होती: साधा र, हलन्त आणि ते न दिसणारं जोडचिन्ह. पुढच्या आवृत्त्यांनी इस्कीची रीत मुख्य म्हणून घेतली. मग मधल्या काळात जोडचिन्ह वापरून ज्यांनी लिहून ठेवलं, त्यांचं काय? त्यांची रीत मोडली नाही. दुसऱ्या आवृत्तीशी जुळवून घेण्यासाठी तीही चालेल, असा वेगळा नियम मुख्य नियमाला जोडून ठेवला, आणि तो अजून तसाच आहे.

आमच्या भागात याला एक शब्द आहे, वहिवाट. बांधावरून वर्षानुवर्षं बैलगाडी गेली की ती वाट होते. मग धुरा कुणाच्याही नावावर असो, ती नांगरून टाकता येत नाही. १८८२ च्या सुविधाधिकार कायद्यानं त्यासाठी २० वर्षांच्या बिनतक्रार वापराची अट घातली आहे. तलावाला नवा पाट काढला तरी जुन्या पाटावरच्या बांध्यांचं पाणी तोडून चालत नाही, हे धान पिकवणाऱ्या माणसाला सांगावं लागत नाही. संगणकाच्या जगात मात्र ही समज ठेच लागून आली. त्याच दुसऱ्या आवृत्तीत, १९९६ मध्ये, कोरियन लिपीची आधी दिलेली सगळी अक्षरं उचलून दुसऱ्या जागी नेली आणि तिथं ११,१७२ अक्षरांची नवी रांग मांडली. जुन्या क्रमांकांनी लिहिलेला कोरियन मजकूर त्यानंतर भलताच वाचला जाऊ लागला. तेव्हापासून वचन आहे की एकदा दिलेलं अक्षर हलवायचं नाही आणि काढायचंही नाही.

हे वचन प्रत्यक्षात कुठं पाळलं जातं, तर हेडर फायलींत. सी भाषेत प्रोग्राम लिहिणारा माणूस सगळं स्वतः लिहीत नाही. दुसऱ्यानं केलेलं काम वापरायचं तर त्या कामातली नावं आणि त्यांचे क्रमांक एका फायलीत मांडलेले असतात. ती फाइल आपल्या प्रोग्रामच्या डोक्याशी जोडून घ्यायची, म्हणून ती हेडर. अशी फाइल जोडायची सोय डेनिस रिची यांच्या सी भाषेत १९७२-७३ च्या सुमारास आली. अ‍ॅलन स्नायडर यांनी तिचा आग्रह धरला होता आणि त्याआधीच्या बीसीपीएल आणि पीएल-वन या भाषांत तशी सोय होतीही, हे रिचींनी स्वतः लिहून ठेवलं आहे. साधी युक्ती, पण तिच्यातून एक जबाबदारी जन्माला आली. प्रोग्राम कंपाइल झाला की त्यात नाव उरत नाही, नुसता आकडा उरतो. पुढे मूळ फायलीत तो आकडा बदलला, तरी जगभर पसरलेल्या त्या प्रोग्रामांना हे सांगायला कोण जाणार?

आयसीयू नावाची एक मुक्त स्रोत प्रणाली आहे. आयबीएमनं १९९९ मध्ये तिचा स्रोत सर्वांसाठी खुला केला आणि २०१६ पासून ती युनिकोड कन्सॉर्शियमकडे आहे. अँड्रॉइड फोन, आयफोन, क्रोम ब्राउझर या सगळ्यांच्या आत ती आहे, म्हणजे सावलीतल्या जवळपास प्रत्येकाच्या खिशात. तिच्यातली यूस्क्रिप्ट नावाची हेडर फाइल मी एका रविवारी सबंध वाचली. लिप्यांची यादी आहे ती. सुरुवातीची नावं इंग्रजी वर्णानुक्रमानं लावलेली: अरबी २, बंगाली ४, देवनागरी १०, गुजराती १५, गुरुमुखी १६. पुढे मात्र हा क्रम सुटतो. ज्या लिपीला जेव्हा जागा मिळाली तेव्हा ती शेवटी येऊन बसली. आपली मोडी १६३ वर आहे. आणि मग दोन नावांपाशी मी थांबलो. मसराम गोंडी १७५, गुंजाळा गोंडी १७९.

चंद्रपूर ही गोंड राजांची राजधानी. आमच्या आसपासच्या गावांत गोंडी बोलली जाते. मसराम गोंडी लिपी १९१८ मध्ये बालाघाटच्या मुन्शी मंगलसिंग मसराम यांनी घडवली आणि २०१७ मध्ये ती युनिकोडमध्ये आली. दुसरी लिपी इथून नैर्ऋत्येला, आदिलाबादच्या गुंजाळा गावात सापडलेल्या हस्तलिखितांतली. ती २०१८ मध्ये आली. इंग्रजी वर्णानुक्रम पाळायचा तर गुंजाळाची जागा बरोबर गुजराती आणि गुरुमुखीच्या मधे आहे. म्हणजे तिला १६ द्यायचा आणि गुरुमुखीला १७ वर सरकवायचं. कुणाही नीटनेटक्या माणसाचा हात तिकडेच जाईल. पण तसं केलं असतं तर आधी कंपाइल झालेल्या प्रत्येक प्रोग्रामनं गोंडी मजकुराला पंजाबी म्हटलं असतं आणि पुढच्या सगळ्या लिप्या एकेक घर चुकल्या असत्या. म्हणून गुंजाळा १७९ वर आहे. पहिल्यांदा वाचताना मला ते लागलं. इथल्या मातीतली भाषा, आणि इथंही रांगेच्या टोकाला. मग लक्षात आलं की १६३ वरची मोडीही तशीच आलेली आहे, आणि १७९ हा आकडा आता गोंडीचा कायमचा झाला आहे. उद्या येणारी कोणतीही लिपी तिला त्यावरून उठवू शकत नाही.

त्याच फायलीत ९२ या आकड्याला दोन नावं आहेत. एका लिपीचं नाव आधी पोलार्ड म्हणून दिलं होतं, नंतर मिआओ असं ठरलं. नवं नाव घातलं, पण जुनं खोडलं नाही. ‘हे नाव आता वापरू नये’ असा शेरा मारून खाली ठेवून दिलं. सासरचं नाव लागलं तरी माहेरी जुन्याच नावानं हाक मारतात, आणि त्या हाकेला ओ मिळते, तसं.

अक्षरं पडद्यावर जुळवणारी हार्फबझ नावाची मुक्त प्रणालीही असंच वागते. देवनागरी फॉन्टवर आधी ‘डेवा’ अशी चार रोमन अक्षरांची खूण असायची. पुढे जोडाक्षर जुळवताना हलन्त कुठं धरायचा याची रीत बदलली, तेव्हा ‘डेव्ह२’ ही नवी खूण काढली. हार्फबझ आधी नवी खूण शोधते. नसली, तर फॉन्ट जुना आहे हे ओळखून जुन्या रीतीनं अक्षरं जुळवते. माझ्या दुकानातल्या वीस वर्षांपूर्वीच्या युनिकोड फॉन्टमध्ये आजही लग्नपत्रिका नीट निघते, ती या एका वळणामुळे.

सगळीकडे इतकं सुरळीत नाही. ‘ॲ’चंच घ्या. आधी तो ‘अ’ आणि वर चंद्र अशा दोन खुणांनी लिहीत. २००८ मध्ये युनिकोडच्या ५.१ आवृत्तीत ‘ॲ’ला स्वतःचं घर मिळालं, क्रमांक ०९७२, आणि दुसऱ्याच वर्षी महाराष्ट्र शासनाच्या वर्णमालेच्या निर्णयातही तो स्वर आला. पण संगणकाच्या लेखी जुनं आणि नवं रूप समान नाही. नवं अक्षर जुन्या जोडीइतकंच धरा असा नियम केला असता, तर मजकूर एकरूप करताना ते पुन्हा जुन्या जोडीतच मोडलं गेलं असतं, कारण आधीच एकरूप केलेला मजकूर बदलायचा नाही हेही एक वचन आहे. म्हणून दोन्ही रूपं वेगळी जगतात. ‘ॲप’ शोधणाऱ्याला जुन्या रूपातलं ‘ॲप’ आपोआप सापडेलच असं नाही. वहिवाट जपायची किंमत ही अशी असते, आणि ती माझ्यासारख्या यादीवाल्याकडून वसूल होते. तरी मला ती रास्त वाटते.

कारण दुसरा रस्ता मी मनात चालून बघितला. सगळ्या जुन्या याद्यांतले र एका झटक्यात नव्या रीतीचे करून टाकावेत, असं पहिल्या रात्री मला वाटलं होतं. पण ज्या कागदावर डिजिटल सही आहे त्यातला एक क्रमांक जरी बदलला, तरी सही जुळत नाही. दिसायला सातबारा तोच राहील, आणि तपासणीत तो खोटा ठरेल. शिवाय निष्काळजीपणे जोडचिन्ह गाळलं की शेतकऱ्यातला र उडी मारून रफार होतो. तशा रूपात छापलेले फलक आणि पत्रकं मी पाहिली आहेत. आपल्याच नावाची ती दशा बघताना माणूस काही बोलत नाही, नुसता बोटानं दाखवतो.

म्हणून याद्यांना हात लावला नाही. शोधाच्या कामासाठी एक छोटा प्रोग्राम लिहिला. शोधायच्या आधी तो दोन्हीकडचा मजकूर बाजूला उतरवून घेतो, त्या उताऱ्यात र, हलन्त आणि जोडचिन्ह दिसलं की त्याचा ‘ऱ’ आणि हलन्त करतो, चंद्र असलेला ‘अ’ही तसाच एका रूपात आणतो, आणि मग जुळवतो. मूळ यादी जशीच्या तशी राहते.

पुढच्या हंगामात ते म्हातारे पुन्हा आले. आडनाव टाकलं आणि पहिल्याच फटक्यात त्यांची ओळ पिवळी झाली. "आता काहून सापडलं जी?" त्यांनी विचारलं. तुमचं नाव दोन तऱ्हांनी लिहितात, दोन्ही चालतात, आता मशीनलाही ते सांगून ठेवलं आहे, असं मी म्हटलं. त्यांनी मान हलवली आणि सहीसाठी पेन मागितला.

दुकानात आता एक नवा पोरगा शिकायला येतो. त्यानं परवा तो प्रोग्राम उघडला आणि दोन रूपांची ती ओळ फालतू वाटून काढायला घेतली. मी त्याला थांबवलं आणि त्या ओळीच्या वर मराठीत लिहून ठेवलं: ही काढू नये, जुन्या याद्यांतला र असा लिहिलेला आहे.