माळरानांचे पुनरुज्जीवन (दख्खन)

अतिचराईने उघडी पडलेली गवताळ जमीन स्थानिक बहुवर्षायू गवते व द्विदल चारावनस्पती यांच्या साहाय्याने पुन्हा चराऊ करण्याची प्रक्रिया. पुणे, सातारा, सोलापूर, अहिल्यानगर आदी जिल्ह्यांच्या पर्जन्यछायेतील भागात ती प्रामुख्याने मेंढपाळ धनगरांच्या उपजीविकेशी निगडित आहे.

दाबडघाव व शंकरनारायण यांच्या 1973 मधील वर्गीकरणानुसार हा प्रदेश सेहिमा–डायकँथियम, म्हणजे पवन्या व मारवेल या गवतांच्या पट्ट्यात मोडतो. सतत आणि मुळापर्यंत चराई झाल्यास ही रुचकर गवते बी धरण्यापूर्वीच खुडली जातात व त्यांची जागा आधी कुसळी (हेटेरोपोगॉन) आणि पुढे अल्पायुषी, निकृष्ट गवते घेतात. कुसळीची टोकदार कुसळे मेंढ्यांच्या लोकरीत व कातडीत रुतत असल्याने ती कोवळी असेपर्यंतच उपयोगी ठरते.

मारवेल व अंजन या गवतांचे बी हलके, रोमश असून ताज्या बियांत सुप्तावस्था असते. म्हणून मागील हंगामाचे बी माती-शेणाच्या गोळ्यांत घालून पावसाच्या तोंडावर उथळ पेरतात किंवा मुळांसकट ठोंबे लावतात. जोडीला जमिनीत नत्र स्थिर करणारा शेवरा (ॲलिसिकार्पस) आणि विरळ हिवर, बोर असावेत. माळ म्हणजे पडीक जमीन असे समजून गिरिपुष्पासारख्या परदेशी झाडांची दाट लागवड अनेक ठिकाणी झाली आहे. तिच्या सावलीत गवत दबते, त्यामुळे तिला पुनरुज्जीवन म्हणता येत नाही.

खरी अडचण बियाण्याची नसून वेळापत्रकाची आहे. कोकणातला मुसळधार पाऊस मेंढ्यांना मानवत नाही, म्हणून धनगरांचे वाडे (कुटुंबांचे फिरते तळ) पावसाळ्यात पूर्वेकडील माळांवर राहतात आणि साधारणपणे दिवाळीनंतर घाट उतरतात; गवताला फुटव्यासाठी व बी धरण्यासाठी विश्रांती हवी असते तीही नेमकी याच महिन्यांत. यावर उपाय म्हणजे कुरणाचे भाग पाडून दरवर्षी एकच भाग बी झडेपर्यंत राखणे व उरलेले आळीपाळीने चरू देणे. कोणता भाग केव्हा राखायचा हे वाड्यांशी बोलून ठरवावे लागते, कारण सरसकट चराईबंदीने कळप थांबत नाहीत, ते शेजारच्या गायरानात जातात आणि तेथील गवत अधिक वेगाने संपते.