वारशाची वर्गवारी आणि बौद्ध स्थळे

अजिंठ्याची तीस लेणी ज्या काळ्या कातळात कोरली आहेत, तो कातळ आणि पाचगणी-महाबळेश्वरच्या पठारांचा कातळ हे एकाच जातीचे आहेत. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी भूगर्भातून लाव्हारसाचे लोट वर आले, थरांवर थर साचले आणि दख्खनचे पठार तयार झाले. अजिंठ्याचा कातळ १९८३ साली जागतिक वारसा यादीत ‘सांस्कृतिक’ म्हणून नोंदला गेला. पाचगणी-महाबळेश्वरचा कातळ २०२५ साली भारताच्या संभाव्य यादीत ‘नैसर्गिक’ म्हणून दाखल झाला. पाषाण तोच, पण वर्ग मात्र निराळे. हा भेद कोठून आला, तो कितपत टिकतो आणि बौद्ध समाजाच्या दृष्टीने त्याचा अर्थ काय, याचा विचार प्रस्तुत लेखात आम्ही करणार आहोत.

वर्गवारीचा उगम

युनेस्कोच्या सर्वसाधारण परिषदेने १९७२ साली जागतिक वारसाविषयक करार संमत केला. भारत त्यात १९७७ साली सहभागी झाला. या कराराचे पहिले कलम सांस्कृतिक वारशाची व्याख्या करते. स्मारके, वास्तुसमूह आणि स्थळे असे त्याचे तीन प्रकार आहेत. दुसरे कलम नैसर्गिक वारशाचे असून भूरचना, जीवसृष्टीची आश्रयस्थाने व निसर्गसौंदर्याची स्थळे त्यात येतात. सांस्कृतिक स्थळांचे परीक्षण ‘इकोमॉस’ ही संस्था करते, तर नैसर्गिक स्थळांचे ‘आययूसीएन’ ही संस्था. कोणतेही स्थळ मुख्य यादीसाठी पाठविण्यापूर्वी ते किमान एक वर्ष त्या देशाच्या संभाव्य यादीत असावे लागते. २०२५ अखेर भारताच्या मुख्य यादीत ४४ स्थळे होती. त्यांपैकी ३६ सांस्कृतिक, ७ नैसर्गिक व एक मिश्र होते. संभाव्य यादीतील ६९ स्थळांपैकी ४९ सांस्कृतिक, १७ नैसर्गिक व ३ मिश्र होती.

संस्कृती व निसर्ग यांना दोन कलमांत बसविणारी ही रचना अपुरी आहे, हे पुढे युनेस्कोलाही मान्य करावे लागले. १९९२ साली ‘सांस्कृतिक भूदृश्य’ ही कल्पना स्वीकारण्यात आली. २००५ साली सहा सांस्कृतिक व चार नैसर्गिक निकषांची एकच दहा निकषांची यादी करण्यात आली. तरीही नोंदीच्या वेळी ‘सांस्कृतिक, नैसर्गिक की मिश्र’ हा प्रश्न कायम राहिलाच.

वनांतून जन्मलेला धम्म

हा प्रश्न बौद्ध स्थळांपुढे ठेवला की उत्तर देणे अवघड होते. तथागतांचा जन्म लुंबिनीवनात झाला. संबोधी पिंपळवृक्षाखाली प्राप्त झाली. धम्मचक्र प्रवर्तन ऋषिपतनाच्या मृगदावात झाले, आणि महापरिनिर्वाण कुशीनगरच्या शालवनात. बिंबिसाराने संघाला दिले ते वेळूवन होते, अनाथपिंडिकाने दिले ते जेतवन होते, आणि आम्रपालीने दिली ती आमराई होती. संघाला मिळालेली पहिली मोठी दाने म्हणजे वने होती. प.पू. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी औरंगाबाद येथे १९५० साली महाविद्यालय स्थापन केले. पुढे त्याला मिलिंद महाविद्यालय हे नाव मिळाले आणि त्याचा परिसर ‘नागसेनवन’ म्हणून ओळखला जाऊ लागला. हे नामकरण त्याच परंपरेतील होय.

महाराष्ट्रातील लेण्यांचा उगमही याच नात्यात शोधावा लागतो. विनयपिटकातील महावग्गात वर्षावासाच्या नियमाचे कारण दिले आहे. भिक्खू पावसाळ्यातही फिरतात, हिरवे गवत तुडवितात, त्यांच्या पायाखाली लहान जीव मरतात, अशी लोकांची तक्रार होती. म्हणून पावसाळ्यात एके ठिकाणी राहण्याचा नियम झाला. स्थिर निवास आवश्यक झाला, तेव्हा सह्याद्रीच्या कातळात विहार कोरले गेले. म्हणजे ज्या वास्तूंना आज आपण ‘सांस्कृतिक’ म्हणतो, त्यांच्या मुळाशी गवताच्या पात्याविषयी व किड्यामुंगीविषयीची करुणा आहे.

लेण्यांतील शिलालेखही हेच सांगतात. कान्हेरी ही शिलालेखांत ‘कण्हसेल’, म्हणजे कृष्णशैल, आहे. कार्ल्याचे लेणे ‘वलूरक’ या नावाने येते, तर नाशिकचे लेणे तिरण्हु, म्हणजे त्रिरश्मी पर्वतावरचे आहे. विहार ओळखला जाई तो डोंगराच्या नावाने. दानाच्या नोंदींत ‘लेण’ या शब्दाबरोबर ‘पोढी’ हा शब्द वारंवार आढळतो. पोढी म्हणजे कातळात खोदलेले पाण्याचे टाके. दात्याच्या दृष्टीने निवारा आणि पाणी हे एकच दान होते. कान्हेरीला डोंगरमाथ्यावरचे पाणी कोरीव पन्हळींतून टाक्यांत उतरविलेले आजही पाहता येते. परंतु आज तेथे लेणी पुरातत्त्व खात्याकडे आहेत आणि सभोवतालचे अरण्य राष्ट्रीय उद्यान म्हणून वनखात्याकडे आहे. ज्या पाण्यासाठी टाकी खोदली, ते पाणी एका खात्याच्या हद्दीत पडते आणि दुसऱ्या खात्याच्या हद्दीत साठते.

सम्राट अशोकानेही ही विभागणी केली नव्हती. दुसऱ्या शिलालेखात तो मनुष्यांसाठी व पशूंसाठी औषधी वनस्पती लावल्याचे आणि मार्गांवर विहिरी खोदून झाडे लावल्याचे सांगतो. पाचव्या स्तंभलेखात तर अवध्य प्राण्यांची यादीच आहे. मौर्यकालीन मार्गांवरील अशोकाच्या लेखांची स्थळे २०२५ साली संभाव्य यादीत आली, ती अर्थातच ‘सांस्कृतिक’ म्हणून. त्या पाषाणांवर कोरलेला मजकूर मात्र वृक्षांविषयी, पाण्याविषयी आणि जिवांविषयीही बोलतो.

बोधिवृक्ष कोणत्या वर्गात?

या विसंगतीचे सर्वांत बोलके उदाहरण बुद्धगया होय. महाबोधी महाविहाराचा परिसर २००२ साली जागतिक वारसा यादीत सांस्कृतिक निकषांवर नोंदला गेला. त्या परिसराचे हृदय म्हणजे बोधिवृक्ष, आणि तो तर जिवंत वनस्पती आहे. जुना वृक्ष १८७६ साली कोसळला, तेव्हा त्याच्याच परंपरेतील रोप तेथे वाढविण्यात आले. आज या वृक्षाची प्रकृती तपासण्यासाठी देहरादूनच्या वनसंशोधन संस्थेचे शास्त्रज्ञ येतात. सांस्कृतिक वारशाची नाडी वनस्पतिशास्त्रज्ञाला पाहावी लागते, यातच वर्गवारीची मर्यादा स्पष्ट होते.

परंतु बुद्धगयेचा प्रश्न येथे संपत नाही. नोंदीच्या निकषांत या स्थळाचा तथागतांच्या जीवनाशी असलेला थेट संबंध मान्य केलेला आहे. व्यवस्थापन मात्र १९४९ च्या बुद्धगया मंदिर कायद्याने चालते. त्यानुसार समितीत चार बौद्ध व चार हिंदू सदस्य असतात आणि जिल्हाधिकारी हा पदसिद्ध अध्यक्ष असतो. हा अध्यक्ष हिंदूच असावा ही अट २०१३ सालच्या दुरुस्तीने गेली, पण समितीची रचना तशीच राहिली. अनागारिक धर्मपालांनी १८९१ साली सुरू केलेला आणि भदंत सुरई ससाई यांनी १९९२ पासून पुढे नेलेला मुक्तीचा लढा २०२५ सालीही भिक्खूंच्या उपोषणाच्या रूपाने चालूच होता. ‘सांस्कृतिक’ हा शब्द स्थळ कशा प्रकारचे आहे ते सांगतो. ते कोणाचे आहे, हे तो सांगत नाही. वर्गवारीतील ही खरी पोकळी आहे, असे आमचे मत आहे.

मिश्र वर्गाचा धडा

यावर एक उत्तर वर्गवारीतच दडलेले आहे. सिक्कीममधील कांचनजंगा राष्ट्रीय उद्यान २०१६ साली भारताचे पहिले मिश्र स्थळ म्हणून नोंदले गेले. तेथील शिखरे, अरण्ये व जीवसृष्टी यांच्याबरोबरच बौद्ध आणि लेपचा समाजांनी त्या पर्वताला दिलेले पावित्र्यही नोंदीचा आधार ठरले. हिमालयातील शीत वाळवंटाचा प्रदेशही संभाव्य यादीत मिश्र वर्गात आहे. पर्वताला जिवंत श्रद्धेसह मान्यता मिळू शकते, हे यावरून सिद्ध होते.

सह्याद्रीला मात्र हा न्याय मिळालेला नाही. २०१२ साली पश्चिम घाटातील ३९ स्थळे नैसर्गिक म्हणून नोंदली गेली. महाराष्ट्रातील कास, कोयना, चांदोली व राधानगरी त्यांत आहेत. २०२५ साली शिवनेरी व लोहगड हे मराठ्यांच्या लष्करी भूदृश्याचे घटक म्हणून सांस्कृतिक वर्गात आले. शिवनेरीच्या कड्यांत सातवाहनकालीन बौद्ध लेणी आहेत, आणि लोहगडाच्या शेजारीच भाजे आहे. गडांचा हा गौरव आम्हांला आनंदाचाच वाटतो. परंतु त्याच डोंगरांतील भिक्खुसंघाचा वास, व्यापारी मार्ग व पाण्याची योजना यांचाही एकत्रित विचार व्हावयास हवा. जुन्नर, कार्ले, भाजे, नाशिक व कान्हेरी यांची कातळ, पाणी व अरण्य यांसह एक मालिका म्हणून मांडणी होऊ शकते. सारनाथ १९९८ पासून संभाव्य यादीत होते आणि त्याचे नामांकन २०२५-२६ च्या फेरीसाठी पाठविले गेले. यावरून ही वाट किती लांबीची आहे याची कल्पना येते. म्हणूनच आरंभ आजच व्हावयास हवा.

आपली जबाबदारी

येथे आत्मपरीक्षणही अगत्याचे आहे. १४ ऑक्टोबर १९५६ च्या धम्मदीक्षेनंतर ही लेणी आपल्यासाठी मृत अवशेष राहिली नाहीत, ती वंदनेची स्थाने झाली. परंतु वंदनेच्या भरात मेणबत्तीची काजळी छतावर चढते, तैलरंगाने शिलालेख झाकला जातो. अजिंठ्याच्या चित्रांना तर माणसांच्या श्वासातील दमटपणाही अपाय करतो. जे आपले आहे असे आपण म्हणतो, त्याचे रक्षण करण्याचा पहिला भार आपल्यावरच येतो.

म्हणून आमची सूचना अशी की, प्रत्येक विहाराने आपल्या परिसरातील लेण्यांची एक नोंदवही ठेवावी. तीत लेण्याचे शिलालेखातील नाव, लोकांच्या तोंडचे नाव, टाक्यांची संख्या, पाण्याची स्थिती, सभोवतालची झाडे आणि झालेली हानी या गोष्टी लिहून ठेवाव्यात. त्रिरश्मी हे शिलालेखातील नाव मागे पडते आणि पांडवलेणी हे नाव रूढ होते, ते अशा नोंदी समाजाच्या हाती नसल्यामुळेही. उद्या कोणी नामांकनाचा मसुदा लिहावयास बसेल, तेव्हा ही नोंदवही त्याच्यापुढे ठेवता येईल. लेणे कोणत्या वर्गात बसवावयाचे हे जगाने ठरवावे. ते कोणाचे व कशासाठी कोरले गेले, हे सांगणे मात्र आपल्याच हाती आहे.