सुरतेत कपडे शिवून देण्याचा छोटा व्यवसाय : कापड, हिशोब, जीएसटी आणि योजना

नंदुरबार, धुळे, जळगावकडून सुरतला गेलेली हजारो कुटुंबं लिंबायत, उधना, डिंडोली, पांडेसरा भागात राहतात. पुरुष मंडळी लूमवर किंवा मिलमध्ये, आणि घरात बायकांचं शिलाई मशीन, असं चित्र अनेक घरांत दिसतं. त्यातून स्वतःचं बुटीक काढायचं ठरवणाऱ्यांसाठी ही माहिती.

कापड कुठून, कसं घ्यायचं?

रिंग रोडवरच्या मार्केटमध्ये जॉर्जेट, शिफॉन, क्रेप, सॅटिन असा सिंथेटिक माल मिळतो. बहुतेक दुकानं होलसेलची. अख्खा ताका परवडत नसेल तर कट पीस बघा. एका ऑर्डरचं सगळं कापड एकाच लॉटमधून घ्या. दुसऱ्या लॉटला रंगात फरक पडतो आणि तो शिवल्यावरच डोळ्यांत येतो. पॉलिएस्टर फारसं आटत नाही, पण सुती अस्तर आटतं. त्यामुळे अस्तर भिजवून, वाळवून मगच कापायचं. नाहीतर पहिल्या धुण्यात कुर्तीला चुण्या पडतात आणि गिऱ्हाईक परत येत नाही.

हिशोब कुठे चुकतो?

समजा एक कुर्ती (आकडे समजण्यापुरते) :

- कापड अडीच मीटर, ९० रुपयांप्रमाणे : २२५
- अस्तर दोन मीटर, ४० प्रमाणे : ८०
- दोरा, लेस, बटण, कॅनव्हास : ४५
- भाडं-लाइटबिलाचा वाटा : ३०
- अडीच तासांची मजुरी, ८० प्रमाणे : २००

एकूण ५८०. बिल ६५० केलं तर नफा ७० रुपये. घरची बाईच शिवते म्हणून मजुरी धरलीच नाही, तर नफा २७० वाटतो. मग ओळखीत ५० रुपये सोडले जातात, आणि कामासाठी कारागीर ठेवायची वेळ आली की धंदा तोट्यात जातो. म्हणून स्वतःची मजुरी पहिल्या दिवसापासून लिहायची. मापाच्या वहीत तारीख, डिझाइन, ठरलेला भाव आणि ग्राहकाची सही ठेवा. कापडाचे पैसे आगाऊच घ्या. एकाच्या मापाचा कपडा दुसऱ्याला विकता येत नाही. कानबाई, दिवाळी, लग्नसराई आणि आखाजीला गर्दी होते, तेव्हा ऑर्डर घेण्याची शेवटची तारीख दुकानात लावून टाका.

जीएसटी : राज्याची हद्द लक्षात ठेवा

फक्त माल विकणाऱ्याला वर्षाला ४० लाखांच्या उलाढालीपर्यंत नोंदणी लागत नाही. ग्राहकाच्या कापडावर शिलाई ही सेवा. सेवा देणाऱ्याला, किंवा माल आणि सेवा दोन्ही करणाऱ्याला, ही मर्यादा २० लाख आहे. पण सुरतेत शिवलेला माल नंदुरबारच्या दुकानदाराला पाठवला की ती परराज्यातली विक्री ठरते, आणि तिथे साधारणपणे पहिल्या विक्रीपासूनच नोंदणी लागते. नवापूर घरापासून काही तासांवर असलं तरी नियम तोच. २२ सप्टेंबर २०२५ पासून २,५०० रुपयांपर्यंतच्या तयार कपड्यावर ५ टक्के आणि त्यावरच्या कपड्यावर १८ टक्के कर आहे.

जॉबवर्कचे पैसे अडकले तर

व्यापाऱ्याचं काम घेण्याआधी 'उद्यम' नोंदणी करून घ्या. सरकारी पोर्टलवर ती मोफत होते, एजंटला पैसे द्यायची गरज नाही. सन २००६ च्या एमएसएमई कायद्यानुसार लेखी करार असेल तर जास्तीत जास्त ४५ दिवसांत आणि करार नसेल तर १५ दिवसांत पैसे मिळायला हवेत. त्यानंतर व्याज लागू होतं आणि सुविधा परिषदेकडे दाद मागता येते. त्यासाठी चलनाच्या प्रती हव्यात. नुसत्या फोनवरच्या बोलण्यावर माल देऊ नका.

कोणती योजना?

१७ सप्टेंबर २०२३ ला सुरू झालेल्या पीएम विश्वकर्मा योजनेतल्या १८ व्यवसायांत शिंपीकाम आहे. प्रशिक्षण काळात रोज ५०० रुपये, अवजारांसाठी १५,००० रुपयांचं व्हाउचर, आणि ५ टक्के व्याजानं आधी १ लाख, ते फेडल्यावर २ लाखांपर्यंत विनातारण कर्ज मिळतं. एका कुटुंबातून एकालाच लाभ घेता येतो. त्यामुळे घरात प्रत्यक्ष मशीनवर कोण बसतं, ते पाहून अर्ज तिच्याच नावानं करावा.