संगणकाचा शीघ्र आरंभ

संगणकाचा शीघ्र आरंभ : वैयक्तिक संगणकास वीज दिल्यापासून तो वापरास सिद्ध होईपर्यंतचा अवधी कमी करण्याच्या योजना. यंत्र चालू होताना त्याची मुख्य स्मृती रिकामी असते. परिचालन प्रणाली तीत आणण्याचे काम एका लहान कार्यक्रमाकडे असते. या क्रियेस ‘बूट करणे’ म्हणतात. स्वतःच्या बुटाची पट्टी ओढून स्वतःलाच उचलण्याच्या कल्पनेवरून ही संज्ञा आली.

मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९६० मध्ये कार्यान्वित झालेल्या टिफ्रॅक संगणकास कार्यक्रम छिद्रित कागदी पट्टीवरून पुरविले जात. अल्टेअर ८८०० (१९७५) या सूक्ष्मसंगणकात आरंभीच्या सूचना दर्शनी फलकावरील खटक्यांनी भराव्या लागत. आयबीएमच्या वैयक्तिक संगणकात (१९८१) त्या केवल-वाचन स्मृतीत कायम नोंदलेल्या होत्या. यंत्र प्रथम आत्मपरीक्षण करी आणि मग चकतीवरील प्रणाली वाची. स्मृती वाढली, तसा हा अवधीही जाणवू लागला.

त्यावर दोन उपाय रूढ झाले. पहिला यंत्रातील मूळ कार्यक्रमाचा : आरंभीच्या काही तपासण्या व जोडउपकरणांची सिद्धता वगळणे. दुसरा परिचालन प्रणालीचा : विंडोज ८ (२०१२) पासून यंत्र बंद करताना वापरकर्त्याचे काम मिटविले जाते, परंतु प्रणालीच्या गाभ्याची स्थिती चकतीवर साठवून पुढील वेळी ती जशीच्या तशी वाचली जाते. ‘पुन्हा चालू करा’ या आज्ञेने मात्र पूर्ण आरंभ होतो. त्यामुळे बंद करून न सुटलेला दोष तिने पुष्कळदा दूर होतो.

वेगाची किंमतही द्यावी लागते. पहिल्या उपायात कळफलक उशिरा सिद्ध झाल्याने मांडणीच्या पटलात शिरणे अवघड होते. दुसऱ्यात चकती वरकरणी मोकळी दिसली, तरी तिच्यावरील नोंदव्यवस्थेची स्थिती राखून ठेवलेली असते. तीच चकती दुसऱ्या प्रणालीने वा दुसऱ्या यंत्रात जोडून लिहिल्यास मजकूर बिघडण्याचा संभव असतो.

शास्त्री व सोनवी नद्यांच्या संगमावरील संगमेश्वर (जि. रत्नागिरी) सारख्या अतिवृष्टीच्या प्रदेशात ही बाब व्यवहाराची ठरते. या तालुक्याचे मुख्य ठाणे देवरुख येथे आहे. महाराष्ट्रात २०१८ पासून अंकीय स्वाक्षरीचा सातबारा उतारा मिळू लागला; गावोगावचे दप्तर संगणकावर आले. वादळी पावसात वीज अकस्मात गेल्यास शीघ्र आरंभाचा लाभ मिळत नाही, कारण स्थिती साठविण्यास अवसरच नसतो. पुढील आरंभ पूर्ण व कधीकधी चकतीच्या तपासणीसह होतो. यंत्र रीतसर बंद केलेले असल्यास मात्र रात्री वीज गेली तरी साठविलेली स्थिती चकतीवर सुरक्षित राहते.

यास्तव चकती काढण्यापूर्वी अथवा दुरुस्तीपूर्वी यंत्र पूर्णतः बंद करावे. विंडोजमध्ये शिफ्ट कळ दाबून धरून बंद करण्याची आज्ञा दिल्यास तसे होते. वीजविषयक पर्यायांतून ही सोय कायमची रद्दही करता येते. अर्धवाहक चकत्यांमुळे पूर्ण आरंभही पुष्कळ जलद झाला असल्याने, ज्या यंत्रावर महत्त्वाचे दप्तर आहे तेथे काही क्षणांच्या बचतीपेक्षा नोंदींची सुरक्षितता अधिक मोलाची ठरते.