कनातीबाहेरच्या श्रोत्या

गेल्या कोजागरीला दूध आटेपर्यंत काय करावे, असा प्रश्न मंडळाच्या बैठकीत निघाला, तेव्हा कार्यवाह बाईंनी एक तोड काढली. प्रत्येकीने आपल्या सर्वांत आवडत्या लोकगीताचे नाव सांगावे, ते पहिल्याने कोठे ऐकले ते सांगावे, आणि गळा साथ देत असेल तर म्हणूनही दाखवावे. मोठी रंगत आली. कुणी आजीची जात्यावरची ओवी म्हटली, कुणी हादग्याचे गाणे, कुणी जागरणात वाघ्या-मुरळीकडून ऐकलेले पद. एकीने भारूड असे ठसक्यात म्हटले की शेजारच्या गच्चीवरून टाळ्या आल्या. मग पाळी आली आमच्या सर्वांत ज्येष्ठ काकूंची. ऐंशी उलटलेल्या, सोवळ्या-ओवळ्याच्या घरातल्या. त्या म्हणाल्या, "माझी आवडती लावणी आहे."

क्षणभर कुणी बोलेना. कुणीतरी हसले. एकीने हळूच विचारले, "तमाशातली का हो, काकू?"

"तमाशातलीच. पण तमाशा मी पाहिला नाही हं, नुसता ऐकला."

लहानपणी त्या आत्याबरोबर संगमनेरकडे एका यात्रेला गेल्या होत्या. पुरुषमंडळी तिकिटे काढून कनातीत गेली, बायकामुले बाहेर बैलगाडीत. आत काय चालले आहे ते दिसत नव्हते. ढोलकी, तुणतुणे आणि एका बाईचा उंच आवाज तेवढा कनातीवरून येत होता. आत्या पदर तोंडाला लावून ऐकत बसली. दुसऱ्या आठवड्यात तीच चाल आत्याच्या जात्यावर आली, शब्द मात्र पंढरीच्या विठोबाचे!

काकूंची ही गोष्ट मनातून जाईना, म्हणून या अंकासाठी लिहायला सांगितले तेव्हा दुसरा विषय सुचलाच नाही. आपल्या जिल्ह्यात लोकगीतांचे श्रोते कोण होते, आणि श्रोत्या कोठे बसत होत्या?

संगमनेर हे नाव या इतिहासात पुन्हा पुन्हा येते. शाहीर अनंत फंदी तेथलेच. १७४४ साली जन्मले, १८१९ साली गेले. त्यांच्याविषयी सांगतात की, अहिल्याबाई होळकरांनी त्यांची कानउघाडणी केली, एवढी वाणी असताना तमाशा कशाला करता म्हणून, आणि त्यांनी डफ टाकून कीर्तनाची वाट धरली. अहिल्याबाई जामखेड तालुक्यातल्या चौंडीच्या. २०२४ साली जिल्ह्याला त्यांचेच नाव मिळाले. गोष्ट खरी असो वा रचलेली, एक बाब मला तीत महत्त्वाची वाटते. बोल लावायचा तरी आधी त्या लावण्या बाईंच्या कानांवर गेल्याच असल्या पाहिजेत!

फंदींच्या नंतरही बराच काळ तमाशात बाईचे काम नाच्या पोऱ्याच करी. ती रीत मोडणारी म्हणून जिचे नाव घेतले जाते ती पवळा, पवळाबाई तबाजी भालेराव. संगमनेर तालुक्यातले हिवरगाव पावसा हे तिचे गाव. १८७० साली एका महार कुटुंबात ती जन्मली. लहानपणी तिला खंडोबाला मुरळी म्हणून सोडले होते, असे सांगतात. तमाशाच्या बोर्डावर उभी राहिलेली पहिली स्त्री म्हणून आज तिला मान देतात. पुढे तिची गाठ पठ्ठे बापूरावांशी पडली. बापूराव म्हणजे वाळवे तालुक्यातल्या रेठरे हरणाक्षचे श्रीधर कृष्णाजी कुलकर्णी, जन्म १८६६. हे ब्राह्मणाचे पोर लहानपणी जात्यावरच्या ओव्या ऐकून तशाच ओव्या रचू लागले, असे म्हणतात. म्हणजे ज्या लावण्यांना पुढे घरात बंदी झाली, त्यांच्या कवीची पहिली शाळा बायकांचे जातेच होते.

बापूरावांची रचना आणि पवळेचा आवाज यांनी मुंबईपर्यंत लोकांना वेड लावले. ब्राह्मणाने जात टाकली म्हणून बापूरावांची कथा पुष्कळांनी लिहिली. १९५० साली राजा नेन्यांनी त्यांच्यावर चित्रपटही काढला. पवळेची कथा मात्र त्यांच्या कथेत एक पात्र म्हणून येते. बापूरावांनी तमाशाच्या उत्पन्नातून बाबासाहेब आंबेडकरांच्या कार्याला देणगी देऊ केली, आणि आपल्याच समाजाच्या बाईला नाचवून आलेला पैसा नको म्हणून बाबासाहेबांनी ती नाकारली, अशी हकीकत सांगितली जाते. नकारामागची वेदना मला कळते. जातीने बाईला नाचायला लावायचे आणि त्याच नाचासाठी तिला हलकी म्हणायचे, या चक्राला कोठेतरी अडवायलाच हवे होते. तरी ही हकीकत ऐकताना दर वेळी मनात येते की, देणारा पुरुष, नाकारणारा पुरुष. ज्या गळ्यावर ते पैसे मिळाले त्या गळ्याचे म्हणणे काय होते? १९३९ साली पवळा गेली, १९४५ साली बापूराव पुण्यात हलाखीत गेले.

पवळेच्या बाजूने हा सारा प्रश्न मांडणारे पुस्तक यायला २०२२ साल उजाडावे लागले. ते लिहिणाऱ्या शैलजा पाईक या आपल्याच जिल्ह्यातल्या पोहेगावच्या कुटुंबातल्या. पुस्तक इंग्रजीत आहे.

आता कनातीबाहेरच्या बायकांकडे वळते. लावणी त्यांच्या घरात आली ती आकाशवाणीच्या आणि तबकड्यांच्या वाटेने. २ ऑक्टोबर १९५३ रोजी पुणे केंद्र सुरू झाले आणि लोकसंगीत रेडिओच्या पेटीतून माजघरात शिरले. पेटीला कनात नव्हती. १९५९ साली अनंत मान्यांचा 'सांगत्ये ऐका' आला. तमाशातल्या बाईची कथा, आणि भूमिकेत हंसा वाडकर. पुण्यात तो सव्वाशेहून अधिक आठवडे चालला. आमच्या घरच्या तिन्ही जावा तो पाहून आल्या, आणि यात्रेतल्या तमाशाचे नाव काढायची मात्र चोरी! पुढे १९६२ च्या 'रंगल्या रात्री अशा'पासून सुलोचना चव्हाणांचा आवाज लावणीशी जोडला गेला. डोक्यावर पदर घेऊन गाणाऱ्या सुलोचनाबाई घरोघर चालल्या. यात्रेत रात्रभर उभी राहून गाणारी बाई चालली नाही. गाणे तेच, ठसका तोच. फरक कशात होता, हे ज्याचे त्याने मनाशी ठरवावे.

ती उभी राहणारी बाई संगमनेरातच राहत होती. तुकाराम खेडकरांच्या निधनानंतर मुलाबाळांना सांभाळून स्वतःचा फड उभा करणाऱ्या कांताबाई सातारकर मे २०२१ मध्ये, करोनाच्या त्या भयंकर लाटेत, संगमनेरात वारल्या. वर्तमानपत्रांतून त्यांचे फोटो आले. आमच्यापैकी किती जणींनी त्यांची बारी पाहिली होती, हे मी कोजागरीच्या रात्री विचारले. एकही हात वर झाला नाही.

जात्यावरच्या गाण्यांचे भाग्य त्या मानाने बरे. साने गुरुजींनी बायकांकडून ओव्या मिळवून 'स्त्रीजीवन' छापले. सरोजिनी बाबरांनी तर त्यासाठी आयुष्य वेचले. हेमा राईरकर आणि गी पॉइटवां यांनी गावोगावच्या गरीब बायकांजवळ बसून जमवलेल्या ओव्या एक लाखाच्या वर भरल्या. गावे हजारावर, गाणाऱ्या तीन हजारांवर. २०१७ पासून 'पारी'ने त्या सर्वांना ऐकण्यासाठी खुल्या केल्या. त्यात गाणारीचे नाव आणि गाव दिलेले असते, हे मला फार आवडले. पिठाची गिरणी आली तेव्हा खांद्यांचा भार उतरला, त्याचे दुःख कुणी करू नये. पण गाण्याला बसायची जागा गेली हेही खरे.

एक कबुली द्यायची राहिली. कोजागरीला माझी पाळी काकूंच्या आधी आली होती आणि मी आईची ओवी सांगितली. खोटे सांगितले नाही, ओवी आवडतेच. पण शाळेत असताना मैत्रिणीच्या घरी दार लावून, आवाज बारीक करून जी तबकडी आम्ही पंचवीसदा लावली, ती ओवीची नव्हती. काकूंनी सांगून टाकले आणि मी दुधाच्या पातेल्यात पळी फिरवत राहिले.

शेवटी आग्रह झाला तेव्हा काकूंनी ती लावणी म्हटली. धृपद आणि एक कडवे. मग थांबल्या. पुढचे कडवे सुरू होता होता घरच्या पुरुषमंडळींनी बाहेर येऊन गाडी जुंपायला सांगितली होती, म्हणून तेवढेच त्यांच्याजवळ आहे. चाल मी लिहून घेतली आहे. पुढची कडवी कुणा भगिनीला, किंवा तिच्या घरातल्या यात्रा पाहिलेल्या वडीलधाऱ्यांना येत असतील, तर मंगळवारच्या बैठकीला येऊन काकूंना म्हणून दाखवावीत. त्या पहिल्या रांगेत, खांबाजवळ बसतात.