दिवेलागणीचा दरवाजा

सवच्या गरम पाण्याच्या झऱ्यांवर थंडीच्या दिवसांत रायगड उतरून आलेली पोरं गुडघे शेकायला येतात. पाण्यात पाय सोडले की थोडा वेळ सगळे गप्प असतात, मग तक्रारी सुरू होतात. त्यांतली एक ठरलेली. दिवस मावळला की गडावर जायचं नाही, असलात तर उतरा. आमच्याच राजाच्या गडावर आम्हालाच बंदी, हे सरकारी खूळ काढलं कुणी?

खूळ म्हणायचंच तर ते राजाच्या कारभारातलं आहे. सूर्यास्ताला गड बंद करण्याचा रिवाज पुरातत्त्व खात्याच्या निळ्या पाटीपेक्षा दोन-अडीचशे वर्षांनी जुना. फक्त तो कुणाच्या भल्यासाठी, हे दर काही पिढ्यांनी बदलत गेलं. तो बदल पाहण्यासारखा आहे.

शिवकाळात गडाचा कारभार तिघांत वाटलेला असे: हवालदार, सबनीस आणि कारखानीस. सबनिसाकडे हजेरी-हिशेब, कारखानिसाकडे धान्य-दारूगोळा आणि हवालदाराकडे किल्ल्या. संध्याकाळी दरवाजा लावणं आणि सकाळी उघडणं हे हवालदाराने जातीने करायचं काम. किल्ल्या दुसऱ्याच्या हाती द्यायच्या नाहीत, दार नीट लागलं की नाही हे स्वतः पाहायचं. एवढी ताकीद का, हे त्या काळच्या लढायाच सांगतात. 1670च्या माघात तानाजी मालुसरे कोंढाण्यावर चढले ते रात्री आणि कड्याने. 1673मध्ये कोंडाजी फर्जंदाने साठ माणसं घेऊन पन्हाळा घेतला तोही रात्रीच. रात्री गड कसे पडतात हे ज्यांनी स्वतः करून पाहिलं होतं, तीच माणसं आता आपल्या गडांचे दरवाजे लावत होती. चोरवाटा माहीत असलेल्याने घातलेली कुलपं ती.

रायगडाच्या महादरवाजाशी उभं राहिलं की हे हाताने चाचपता येतं. दोन्ही अंगांना अजस्र बुरूज, आणि दरवाजा त्यांच्या कुशीत असा वळवून बसवलेला की खालून चढणाऱ्याला अगदी जवळ येईपर्यंत दिसत नाही. कुठल्याही जुन्या गडाच्या दारात आत गेल्यावर कमानीच्या बाजूच्या भिंती पाहाव्यात. अडसराची चौकोनी भोकं सापडतात. एका बाजूचं भोक वीतभर, दुसऱ्या बाजूचं हात खांद्यापर्यंत आत जाईल इतकं खोल. दिवसा अख्खा वासा त्या खोल भोकात सरकवून ठेवायचा, संध्याकाळी ओढून समोरच्या खाचेत बसवायचा. एकदा बसला की बाहेरून हत्ती लावला तरी दार सहज हलत नसे. आतल्या अंगाला पहारेकऱ्यांच्या देवड्या. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात गडाच्या बांधणीवर मोठा मजकूर आहे. दरवाजा खालच्या माऱ्यात येऊ नये, पुढे बुरूज असावेत, येणारी-जाणारी वाट बुरुजांच्या टप्प्यात राहावी, शिवाय एकाच दरवाजावर भिस्त ठेवू नये, असं त्यांचं सांगणं. हा माणूस पाहुण्यांच्या सोयीचा विचार करत नव्हता, हे उघड आहे.

संध्याकाळी दार लावण्याच्या याच नियमाच्या पोटी आपल्याकडची सर्वांत लाडकी गोष्ट जन्मली. पायथ्याच्या वाडीतली हिरकणी कोजागिरीला दूध घेऊन गडावर गेली, उशीर झाला, दरवाजे लागले. तान्हं घरी. पहारेकऱ्यांनी दार उघडलं नाही, म्हणून ती पश्चिमेच्या कड्यावरून उतरली. महाराजांनी तिचा सन्मान केला आणि त्या जागी बुरूज बांधला. ही दंतकथा आहे, समकालीन कागदांत ती मिळत नाही. पण दंतकथेलाही तिचं तर्कशास्त्र असतं. आपण तिच्यात आई पाहतो आणि ते बरोबरच आहे; एस.टी. स्थानकांतल्या स्तनपानाच्या खोलीला हिरकणी कक्ष हे नाव शोभतं. पण गोष्टीतल्या राजाने काय केलं तेही पाहावं. पहारेकऱ्यांना शिक्षा केली नाही. पुढच्या हिरकणीसाठी दार उशिरापर्यंत उघडं ठेवा असाही हुकूम दिला नाही. बाईला साडी-चोळी दिली आणि कडा बुजवला.

रायगडाची अशीच आणखी एक गोष्ट आहे, ती कमी सांगितली जाते. गड बांधून झाल्यावर महाराजांनी दरबारात मोहोरांची थैली आणि सोन्याचं कडं ठेवलं: दरवाजाची वाट सोडून, दोर-शिडी न लावता जो वर येईल त्याचं हे बक्षीस. एका महाराने ते आव्हान घेतलं, कड्याने चढून वर निशाण लावलं. त्याला बक्षीस मिळालं आणि त्याची वाट बंद झाली. दोन्ही गोष्टींचा साचा एकच आहे: जो भोक दाखवील त्याचा सत्कार करा आणि भोक बुजवा. आज मोठ्या कंपन्या आपल्या संगणकांतल्या फटी शोधणाऱ्यांना पैसे देतात, ते यापेक्षा वेगळं काही करत नाहीत.

मे 1818मध्ये इंग्रजांनी समोरच्या पोटल्याच्या डोंगरावरून तोफा डागल्या आणि गड पडला. त्यानंतर दार लावायला हवालदार उरला नाही आणि लावण्यासारखं काही आत आहे असं नव्या धन्याला वाटलं नाही. सत्तर-ऐंशी वर्षं गवत, रान आणि पडझड. 1880च्या दशकात जेम्स डग्लस या इंग्रजाने गडाच्या आणि महाराजांच्या समाधीच्या दुर्दशेवर लिहिलं, तेव्हा आपल्याकडच्या पुष्कळांना लाज वाटली. 1896मध्ये टिळकांच्या पुढाकाराने गडावर शिवोत्सव झाला. लोक पुन्हा वर जाऊ लागले ते तेव्हापासून. गडाला येणारा माणूस आता ना शत्रू ना रतीब घालणारा. तो यात्रेकरू होता. पर्यटक हा शब्द आपल्या वापरात यायला अजून बराच अवकाश होता.

1909मध्ये रायगड संरक्षित स्मारक झाला आणि पुढे दिवेलागणीचा नियम मागल्या दाराने परत आला, यावेळी कागदावरून. प्राचीन स्मारकांच्या 1958च्या कायद्याखाली 1959ची नियमावली निघाली. ज्या स्मारकाला वेगळी वेळ ठरवून दिलेली नाही ते सूर्योदयापासून सूर्यास्तापर्यंत उघडं राहील, असं तिचा पाचवा नियम सांगतो. आठवा नियम मनाई सांगतो: मोडतोड नको, बंदूक नको, परवानगीच्या जागेखेरीज स्वयंपाक किंवा खाणं नको, जनावरं नकोत. अंमलबजावणीत अर्थातच आपली नेहमीची ओढाताण. गडावर धनगरांची घरं आहेत, त्यांच्या दारात ताक आणि पिठलं-भाकरी मिळते आणि तिच्यावाचून गड पाहिल्यासारखं वाटत नाही. 6 जूनच्या राज्याभिषेक सोहळ्याला तर रात्रभर माणसांचा पूर असतो. पाचवा नियम त्या रात्री कुठे जाऊन झोपतो कोण जाणे. पण मूळ मुद्दा असा की हवालदाराचा नियम गडावरची माणसं वाचवण्यासाठी होता, हा नवा नियम दगड वाचवण्यासाठी आहे. शत्रूच्या जागी खडूने नाव लिहिणारा आला. जुलै 2025मध्ये मराठ्यांच्या बारा किल्ल्यांना युनेस्कोच्या जागतिक वारशात जागा मिळाली, त्यांत रायगड आहे आणि आमच्या पोलादपुराच्या घाटमाथ्यावरचा प्रतापगडही. दगडांची काळजी आता वाढेल, कमी होणार नाही.

बंदी म्हटली की महाडच्या माणसाला आणखी एक बंदी आठवते, आणि ती इथे वेगळी काढलेली बरी. चवदार तळं नगरपालिकेने 1924मध्ये ठराव करून सर्वांना मोकळं केलं होतं. तरी 20 मार्च 1927ला बाबासाहेबांना ओंजळभर पाणी घ्यायला हजारो माणसं घेऊन जावं लागलं, आणि नंतर त्यांच्या लोकांनी मारही खाल्ला. ती बंदी माणसावर होती, तिला घड्याळ नव्हतं. गडाच्या दाराची बंदी वेळेवर आहे, राजाच्या सरदारालाही आणि गवळणीलाही सारखी. या दोन बंद्यांची गल्लत करून सगळेच नियम जुलमी ठरवणं सोपं असतं, आणि पाण्यात पाय टाकून बसलेली मंडळी ते बऱ्याचदा करतात.

हिमालयात जाणाऱ्या मराठी मंडळींना डोंगराला राखणारे आणि पाहुण्याला राखणारे अशा दोन जातींचे नियम भेटतात. भूतान हा देशच गडासारखा चालवलेला. जयगावहून फुंत्शोलिंगला जाताना सरहद्दीवर खरोखरची कमान आहे, तीही रात्री बंद होते. भारतीयाने माणशी दर रात्री 1200 रुपये शुल्क भरायचं, इतर परदेशी पाहुण्यांनी डॉलरांत त्याच्या कित्येक पट. गिर्यारोहणावर तर 2003पासून पूर्ण बंदी. देवांच्या जागी पाय द्यायचा नाही. 7570 मीटरचं गांखर पुएनसुम त्यामुळे आजही कुणी चढलेलं नाही. कांचनजुंगेची परंपरा आणखी देखणी आहे. 1955मध्ये जॉर्ज बँड आणि जो ब्राऊन माथ्यापासून काही पावलांवर थांबले, कारण सिक्कीमच्या राजाला तसा शब्द दिलेला होता. पुण्याच्या गिरिप्रेमी संस्थेचे दहा जण 2019मध्ये या शिखरावर गेले, त्यामुळे ही परंपरा आता मराठी गिर्यारोहकांच्या गप्पांतही आली आहे. माझ्या मते आपल्या देवरायांत कुऱ्हाड न नेण्याचा जो रिवाज, त्याच कुळातली ही. हे सगळे दरवाजाचे नियम: डोंगराला पाहुण्यापासून राखणारे.

दुसऱ्या जातीचा नियम घड्याळाचा. एव्हरेस्टवर शिखर दिसत असलं तरी दुपारी साधारण दोनच्या सुमारास मागे फिरायचं, असा दंडक मार्गदर्शक घालतात. 10 मे 1996ला तो मोडला गेला. काही जण वेळ टळून गेल्यावर, एक तर चारच्या सुमाराला माथ्यावर पोचला. वर वादळाने गाठलं आणि आठ माणसं मेली. इथे डोंगराचं काही बिघडणार नव्हतं. नियम पाहुण्याला त्याच्याच उत्साहापासून वाचवणारा होता. महाराष्ट्र सरकारने ऑगस्ट 2021मध्ये साहसी पर्यटनाचं धोरण काढलं, ट्रेक नेणाऱ्या संस्थांना नोंदणी आणि सुरक्षेच्या अटी घातल्या, तेही याच कुळातलं. जुलै 2024मध्ये रायगडाच्या पायऱ्यांवरून पाण्याचे लोंढे धावले, माणसं कठड्यांना धरून उभी राहिली, आणि प्रशासनाने पायरीमार्ग काही दिवस बंद ठेवला. त्या बंदीत ना शत्रूची भीती होती ना दगडांची काळजी. हवालदाराचं दार तिसऱ्या कामाला लागलं होतं.

असे नियम न पाळण्याचा खर्च कुणाच्या अंगावर पडतो हे पोलादपूर-महाडच्या लोकांना विचारावं. 28 जुलै 2018ला आंबेनळी घाटात दापोलीच्या कृषी विद्यापीठाच्या कर्मचाऱ्यांची बस दरीत गेली, तेव्हा दोर लावून खाली उतरले ते महाबळेश्वर आणि पोलादपूर भागातले ट्रेकर. ही माणसं पगारी नाहीत. अपघात अटळ असतो तेव्हा त्यांची तक्रार नसते. चुकलेला, मोबाईलची बॅटरी संपलेला, पाण्याची बाटली नसलेला घोळका कड्यावर अडकतो तेव्हाही हीच माणसं रात्री जेवण टाकून जातात, आणि तेव्हा मात्र त्यांच्या तोंडून जे निघतं ते छापण्याजोगं नसतं.

आपल्या पाट्यांवरचा नियम अजून जुन्या हवालदाराच्या हिशेबाने चालतो, ही त्याच्यातली खोट. सूर्यास्ताला बंद, एवढंच पाटी सांगते. हवालदाराला तेवढं पुरे होतं, कारण त्याला फक्त दार लावायचं होतं. माणूस खाली कसा पोचतो ही त्याची काळजी नव्हती. उतरणाऱ्याला मात्र मागून मोजायला हवं. रायगडाच्या चौदाशेवर पायऱ्या सवयीच्या माणसाला तासाभराच्या, लहान मुलं आणि म्हातारी माणसं बरोबर असली तर दोन तासांच्या. डिसेंबरात सहाला सूर्य मावळतो. म्हणजे गडावरच्या जगदीश्वराच्या देवळापासून पायऱ्यांपर्यंतची चाल धरली तर परत फिरायची वेळ साडेतीनची. पायथ्याच्या चित्त दरवाजाशी पाटीवर ही वेळ महिनावार लिहायला एक रंगारी आणि अर्धा दिवस लागेल.